चित्रकथांची प्रतचोरी आणि वाचकांची चर्चा

गेल्या वर्षापर्यंत आमच्या शाळेत शुक्रवारचा शेवटचा तास मोकळ्या वाचनाचा असे. ह्या तासाला मुलांनी ग्रंथालयात बसावे, हवे ते वाचावे आणि वाचलेल्याविषयी हलक्या आवाजात बोलावे, एवढाच नियम. अशाच एका शुक्रवारी नववीतील दोन मुलांची चांगलीच जुंपली आणि प्रकरण आमच्यापर्यंत आले. भांडण खेळावरून नव्हते आणि बाकावरच्या जागेवरूनही नव्हते. ‘वन पीस’ ह्या जपानी चित्रकथेच्या ताज्या प्रकरणात काय घडते ते एकाने दुसऱ्याला सांगून टाकले होते, आणि ते प्रकरण प्रसिद्ध व्हावयास अजून दोन दिवस अवकाश होता.

“छापून यायच्या आधी तुला कसं कळलं?” असे आम्ही सांगणाऱ्याला विचारले. तो निरागसपणे म्हणाला, “सर, ते गुरुवारीच येतं. सगळे गुरुवारीच वाचतात.” दुसरा मुलगा वडिलांच्या फोनवर, रविवारी रात्री, प्रकाशकाने स्वतः उघडलेल्या ठिकाणी वाचणारा. तो खाली मान घालून म्हणाला, “सर, मी रविवारी वाचतो तेव्हा माझ्याशी बोलायला कोणी उरलेलंच नसतं. सगळ्यांचं बोलून झालेलं असतं.”

हे वाक्य आमच्या मनात रुतून बसले. प्रतचोरीचा विचार आपण एरवी पैशांच्या भाषेत करतो. लेखकाचे किती बुडाले, प्रकाशकाचे किती गेले, एवढेच पाहतो. ह्या मुलाची तक्रार पैशांची नव्हती. सरळ मार्गाने वाचणाऱ्याला वाचकांच्या बैठकीत जागा उरत नाही, अशी ती होती. आंतरजालावरील प्रतचोरीचा चित्रकथांच्या वाचकवर्गावर व त्यांच्या आपसांतील चर्चेवर काय परिणाम होतो, हे आम्ही त्यानंतर जमेल तेवढे अभ्यासून पाहिले. आपल्या परिषदेच्या सभासदांत शिक्षक पुष्कळ आहेत आणि त्यांच्या वर्गांत हीच मुले बसलेली आहेत. म्हणून ते येथे मांडीत आहोत.

आरंभी शब्दाविषयी थोडेसे. मराठीत ‘वाङ्मयचौर्य’ हा शब्द रूढ आहे, परंतु दुसऱ्याचे लेखन स्वतःच्या नावावर खपवणे असा त्याचा अर्थ. येथे तसे घडत नाही. जो ही पाने चोरून पसरवतो तो मूळ चित्रकाराचे नाव पुसत नाही. बहुधा तो त्या चित्रकाराचा भक्तच असतो. चोरी होते ती प्रतीची, कर्तृत्वाची नव्हे. म्हणून ‘पायरसी’ ह्या इंग्रजी शब्दासाठी आम्ही ‘प्रतचोरी’ असे म्हणत आहोत. (‘वन पीस’ ही कथा समुद्रावरील चाच्यांची आहे, आणि पायरसी म्हणजे मूळची चाचेगिरीच. हा योगायोग मुलांच्या ध्यानात आमच्या आधी आला होता.)

ही चित्रकथा एइइचिरो ओदा हे १९९७ च्या जुलैपासून ‘शोनेन जंप’ ह्या जपानी साप्ताहिकात लिहीत व रेखाटीत आहेत. २०२२ मध्ये तिच्या खंडांच्या जगभरातील एकूण प्रतींची संख्या ५० कोटींच्या वर गेल्याचे जाहीर झाले. शूएइशा ह्या प्रकाशनसंस्थेचे हे साप्ताहिक सोमवारी निघते. परंतु देशभरच्या दुकानांत सोमवारी सकाळी अंक मांडलेला हवा, तर त्याचे गठ्ठे छापखान्यातून काही दिवस आधीच बाहेर पडणे भाग असते. ह्या मधल्या दिवसांत कोठेतरी एखादा गठ्ठा वेळेआधी फुटतो. कोणी पानांची छायाचित्रे घेतो आणि ती आंतरजालावर सोडून देतो. २०२४ च्या फेब्रुवारीत जपानच्या पोलिसांनी अशा आगाऊ पसरवलेल्या पानांबद्दल दोन परदेशी नागरिकांना अटक केली. तरी ओघ थांबला नाही.

पाने हाती आली की पुढचे काम एकट्याचे नसते. एकजण जपानी संवादांचे इंग्रजी भाषांतर करतो. दुसरा फुग्यांमधील जपानी अक्षरे पुसतो, आणि अक्षरांखाली चित्राचा जो भाग झाकलेला असेल तो नव्याने रेखाटून काढतो. तिसरा त्या रिकाम्या फुग्यांत इंग्रजी मजकूर बसवतो. जपानी उभ्या ओळींसाठी काढलेल्या अरुंद फुग्यात आडवी ओळ बसवणे हे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक. चौथा मुद्रिते तपासतो. ह्या सर्व उद्योगाला ‘स्कॅनलेशन’ असे नाव आहे. ह्यांतील बहुतेकांना एक पैसाही मिळत नाही. पैसा मिळतो तो ही पाने आयती उचलून जाहिरातींसह मांडणाऱ्या संकेतस्थळांना. चोरी करणारे निष्कांचन आणि चोरीचा माल साठवणारे धनवान, ही व्यवस्था जुन्या बाजारपेठांतही अपरिचित नव्हती.

ह्या लोकांविषयी घाईने निवाडा करू नये असे आम्हांस वाटते, कारण त्यांचा उगम एका खऱ्या उणिवेतून झाला. ‘वन पीस’ इंग्रजीत अधिकृतपणे प्रसिद्ध होऊ लागले ते २००२ मध्ये, म्हणजे मूळ कथा पाच वर्षे पुढे गेल्यावर. त्यानंतरही इंग्रजी खंड मागेच रेंगाळत राहिले. अखेर २०१० मध्ये अमेरिकन प्रकाशकाने अवघ्या सहा महिन्यांत २४ ते ५३ असे ३० खंड काढून मूळ कथेजवळ पोहोचण्याचा सपाटा लावला. त्याच वर्षी जपानी व अमेरिकन प्रकाशकांनी एकजूट करून चोरीच्या स्थळांविरुद्ध उघड पवित्रा घेतला, आणि त्या काळचे सर्वांत गजबजलेले ‘वन मांगा’ हे स्थळ बंद पडले. उत्तर अमेरिकेतील वाचकांना २०१२ मध्ये साप्ताहिकातील प्रकरणे दोन आठवड्यांच्या अंतराने व २०१३ पासून जपानबरोबरच इंग्रजीत मिळू लागली. २०१९ च्या जानेवारीत शूएइशाने ‘मांगा प्लस’ हे स्वतःचे ठिकाण जगातील बहुतेक देशांसाठी खुले केले. चालू कथांची आरंभीची व अगदी ताजी प्रकरणे तेथे विनामूल्य वाचावयास मिळतात. जपानमधील सोमवारची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडील रविवारी रात्रीचे साडेआठ. आमच्या त्या विद्यार्थ्याचे घड्याळ हेच होते.

आता येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. चोरीचे समर्थन करताना पूर्वी दोन कारणे सांगितली जात : इंग्रजीत मिळत नाही, आणि परवडत नाही. ताज्या प्रकरणापुरती ही दोन्ही कारणे २०१९ नंतर संपली. जे रविवारी फुकट, स्वच्छ छपाईत आणि कायदेशीर मिळणार आहे तेच मुले गुरुवारी धूसर छायाचित्रांतून, घाईच्या भाषांतरातून, निलाजऱ्या जाहिराती झटकत वाचतात. मग येथे चोरले जाते ते काय? पैसा नव्हे, मजकूरही नव्हे. तीन दिवस चोरले जातात. आणि ते तीन दिवस हवे असतात बोलण्यासाठी. जो आधी वाचतो तो आधी बोलतो. जो आधी बोलतो त्याच्याभोवती मंडळी जमतात. मंडळी गुरुवारी जमली की रविवारपर्यंत विषय शिळा होतो. अशा रीतीने चोरीची प्रत हीच चर्चेची प्रमाण प्रत होऊन बसते. कित्येक चर्चामंडळांनी ‘अधिकृत प्रसिद्धीपूर्वी बोलू नये’ असे नियम केले आहेत, पण त्या मंडळांत शांतता असते आणि शेजारी जत्रा भरलेली असते. संस्कृत साहित्यशास्त्रात रसविघ्नांची चर्चा आहे. सरळ मार्गाने वाचणाऱ्याच्या वाटेतच नेमके विघ्न उभे राहावे, ही आमच्या मते ह्या काळाची नवलाई होय.

हे पूर्वी असे नव्हते. अमेरिकेत चित्रकथांच्या चाहत्यांची मंडळे कशी जन्मास आली ते पाहिले तर फरक ध्यानात येईल. १९६० च्या सुमारास ज्यूलियस श्वार्ट्झ ह्या संपादकाने आपल्या अंकांतील पत्रव्यवहाराच्या पानावर पत्रलेखकांचे पूर्ण पत्ते छापावयास आरंभ केला. तोवर वाचक संपादकाला लिहीत. आता ते एकमेकांना लिहू लागले. १९६१ मध्ये जेरी बेल्स नावाच्या एका प्राध्यापकाने ‘ऑल्टर इगो’ हे चाहत्यांसाठीचे पत्रक काढले, आणि गावोगावचे एकाकी वाचक एका सूत्रात आले. ह्या साऱ्या संवादाचा दोरा छापील अंकाच्या शेवटच्या पानाला बांधलेला होता. बोलावयाचे तर अंक हाती हवा. तो विकत घेतलेला असो, मित्राकडून मागून आणलेला असो, वा वाचनालयातला असो, पण कोणीतरी घेतलेला हवा. वाचक आणि ग्राहक हे एक नव्हते, तरी ते एकमेकांपासून फार दूर नव्हते.

‘शोनेन जंप’मध्ये हा दोरा आणखी पक्का होता. त्याच्या अंकात वाचकांसाठी एक मतपत्रिका असे. आवडलेल्या कथा नोंदवून ती पोस्टाने धाडावयाची. ज्या कथांना मते कमी, त्या गुंडाळल्या जात. ही पद्धत कठोर खरी, पण तीत वाचकाला आवाज होता, आणि तो अंक घेणाऱ्याला होता. आता कल्पना करावी की एखादी नवी कथा परदेशांतील लक्षावधी मुले चोरीच्या प्रतींतून वाचत आहेत आणि तिच्यावर रात्रंदिवस बोलत आहेत. ह्या कोलाहलातील एकही मत त्या पत्रिकेवर उमटत नाही. कथा बंद होते आणि चाहते चकित होतात. आपण एवढे प्रेम केले ते गेले कोठे? ते प्रेम संपादकाच्या मेजापर्यंत जाईल असा रस्ताच त्यांनी ठेवलेला नव्हता.

पैशांचा हिशेबही टाळता येणार नाही, पण त्यातील मोठ्या आकड्यांकडे शिक्षकाच्या सवयीने, म्हणजे पायऱ्या तपासत पाहावे. जपानमध्ये ‘मांगामुरा’ ह्या नावाचे एक स्थळ २०१६ पासून हजारो चित्रकथा फुकट दाखवीत होते. त्याने झालेली हानी २०१७ च्या सप्टेंबरपासूनच्या सहा महिन्यांत सुमारे ३२० अब्ज येन असल्याचा अंदाज स्वामित्वरक्षक संघटनेने मांडला. हा आकडा त्या स्थळाला झालेल्या सुमारे ६२ कोटी भेटींना एका खंडाच्या किमतीने गुणून आलेला होता. फुकट मिळते म्हणून पाहणारा प्रत्येक जण ते विकतही घेताच, असे त्यात गृहीत धरलेले आहे. नववीच्या मुलाने असा हिशेब केला तर आम्ही त्याला उत्तराचे गुण देणार नाही. तरीही हानी खोटी होती असे म्हणता येत नाही. २०१८ च्या एप्रिलमध्ये जपानी शासनाने असली स्थळे अडवण्याची सूचना दळणवळण कंपन्यांना केली, तेव्हा राज्यघटनेने दिलेल्या संदेशवहनाच्या गुप्ततेचे काय, असा वाद पेटला. त्याच सुमारास ‘मांगामुरा’ बंद पडले. त्याचा चालक २०१९ मध्ये मनिला येथे पकडला गेला. २०२१ मध्ये फुकुओकाच्या न्यायालयाने त्याला तीन वर्षांची शिक्षा दिली, आणि २०२४ मध्ये तोक्योच्या न्यायालयाने तीन प्रकाशकांना सुमारे १ अब्ज ७० कोटी येन भरपाई देण्यास फर्मावले. ३२० अब्ज कोठे आणि १ अब्ज ७० कोटी कोठे! दुसरा आकडा १७ चित्रकथांपुरताच होता हे खरे, तरी दोहोंमधील अंतर बोलके आहे.

ह्याच काळात जपानमधील चित्रकथांची कागदी व डिजिटल मिळून विक्री मात्र वाढली. १९९५ चा ५८६ अब्ज येनांचा उच्चांक २०२० मध्ये मोडला गेला व विक्री ६१२ अब्जांवर पोहोचली. ह्यावरून प्रतचोरी निरुपद्रवी ठरते असा निष्कर्ष काही जण काढतात. तो आम्हांस मान्य नाही. घरात धान्य अधिक आले म्हणून उंदीर नव्हते असे सिद्ध होत नाही. मात्र सोयीची, स्वस्त व कायदेशीर वाट मोकळी झाली की वाचक तिकडे वळतात, एवढे ह्या आकड्यांवरून नक्की दिसते.

अधिक विचार करावयास लावणारे संशोधन केइओ विद्यापीठातील तात्सुओ तानाका ह्यांचे आहे. चित्रकथांचे ४८४ खंड घेऊन, चोरीच्या प्रती उपलब्ध असण्या-नसण्याचा त्यांच्या विक्रीवर काय परिणाम होतो हे त्यांनी तपासले. २०१६ मध्ये मांडलेला त्यांचा निष्कर्ष दुहेरी आहे. ज्या कथा चालू आहेत त्यांची विक्री प्रतचोरीने घटते. ज्या कथा पूर्ण होऊन गेल्या त्यांची विक्री प्रतचोरीने वाढते. पहिला भाग अपेक्षितच होता. दुसऱ्याचे कारण असे दिसते की पूर्ण झालेल्या कथेची जाहिरात प्रकाशक करीत नाहीत आणि तिचे नाव लोकांच्या तोंडून उतरलेले असते. चोरीची प्रत ते नाव पुन्हा तोंडी आणते. म्हणजे विस्मृतीच्या बाबतीत ती औषध होते आणि जिवंत कथेच्या बाबतीत विष.

चर्चेने चोरीला उलटे वळण दिल्याचे एक उदाहरण अमेरिकेतले आहे. जेफ पार्कर ह्यांनी लिहिलेली व स्टीव्ह लीबर ह्यांनी चितारलेली ‘अंडरग्राउंड’ ही गुहाशोधनाची कथा फारशी खपली नव्हती. २०१० मध्ये कोणीतरी तिची सर्व पाने एका चर्चास्थळावर चढवली. लीबर तेथे गेले. पण शिव्या द्यावयास नव्हे. ते वाचकांशी बोलत बसले, शंकांना उत्तरे दिली, आपण हे असे का काढले ते सांगितले. त्यानंतर त्यांच्या पुस्तकाची विक्री एकाएकी उसळली, आणि तिचा आलेखच त्यांनी प्रसिद्ध केला. ह्या गोष्टीचा दाखला चोरीचे समर्थक नेहमी देतात. आमच्या समजुतीप्रमाणे तेथे विक्री वाढवली ती चोरीने नव्हे, कर्ता स्वतः बैठकीत येऊन बसला ह्याने. हजारो चोरल्या गेलेल्या पुस्तकांपैकी किती जणांच्या वाट्याला अशी संध्याकाळ येते? आणि दर आठवड्याला नवे प्रकरण देण्यासाठी रात्रीचा दिवस करणाऱ्या चित्रकाराने गुरुवारी रात्री कोठकोठे जाऊन बसावे?

येथवर आम्ही मुलांविषयी बोललो. आता स्वतःविषयी एक कबुली देणे प्राप्त आहे.

आमच्या पिढीचे बालपण ‘इंद्रजाल कॉमिक्स’वर पोसले गेले. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने १९६४ मध्ये ही माला सुरू केली आणि १९९० मध्ये ती बंद झाली. ली फॉक ह्यांचे वेताळ व मॅन्ड्रेक, आणि १९७६ पासून आबिद सुरती ह्यांचा बहादूर, हे आमच्या घरी मराठी बोलत आले. बेळगावात शाळेच्या वाटेवर एक जण पायरीवर अंक मांडून बसे. चार आणे देऊन तेथेच बसून वाचावयाचे. एक अंक चाळीस मुले वाचत आणि मग सुटीत त्यावर बोलत. त्यावेळी कोणी त्याला चोरी म्हटले नाही, आणि ती नव्हतीही, कारण त्या माणसाने तो अंक विकत घेतलेला होता. ते अंक आज बेळगावच्या एकाही दुकानात मिळत नाहीत. तीन वर्षांपूर्वी एका माजी विद्यार्थ्याने आम्हांस एक पेनड्राइव्ह आणून दिला. त्यात मराठी इंद्रजालचे शेकडो अंक होते. कोणा अनामिक चाहत्यांनी आपापल्या पेट्यांतून काढून, पान न् पान स्कॅन करून ठेवलेले. एका अंकाच्या मुखपृष्ठावर कोण्या मुलाने शाईने आपले नाव व इयत्ता लिहिली होती, तीसुद्धा तशीच आली होती. त्या रात्री आम्ही दोन वाजेपर्यंत वाचत होतो.

ही प्रतचोरी नव्हे काय? आपला कायदा १९५७ चा आहे आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क अबाधित राहतात. ली फॉक १९९९ मध्ये वारले. कायद्याच्या दृष्टीने तो पेनड्राइव्ह आणि गुरुवारची पाने एकाच माळेचे मणी होत. आमच्या मनाला मात्र ते एक वाटत नाहीत, आणि तानाका ह्यांच्या संशोधनाने ह्या वाटण्याला थोडा आधार दिला आहे. एकीकडे जे जिवंत आहे त्याच्या तोंडचा घास जातो. दुसरीकडे जे मरावयास टाकले होते त्याला कोणी उचलून घरात आणले. अर्थात मनाला सोयीचे वाटते ते न्याय्य असतेच असे नाही, आणि मुख्याध्यापकाने तर ह्या बाबतीत सावध असावे. शाळेच्या ग्रंथालयातील संगणकावर ते अंक ठेवावेत असे काही सहकाऱ्यांनी सुचवले. आम्ही ठेवले नाहीत. नष्टही केले नाहीत. पेनड्राइव्ह आमच्या मेजाच्या खणात आहे.

खरी परीक्षा झाली ती गेल्या दिवाळीच्या सुटीनंतर. गुरुवारी वाचणारा तोच मुलगा एक वही घेऊन आला. त्याने ‘वन पीस’चे एक आरंभीचे प्रकरण छापून घेतले होते, फुग्यांतली इंग्रजी अक्षरे पांढऱ्या शाईने झाकली होती आणि त्यांवर मराठी संवाद लिहिले होते. त्याची आई वेंगुर्ल्याची. जहाजावरच्या माणसांना त्याने ‘कॅप्टन’ वगैरे म्हटले नव्हते. ‘तांडेल’ म्हटले होते. शिडे, डोलकाठी, नांगर, वल्ही ही सारी आजोळची शब्दसंपत्ती त्याने त्या जपानी गलबतावर चढवली होती. निबंधाच्या वहीत ज्याच्या चार ओळी सरळ उतरत नाहीत, त्या मुलाने वर्षभरात लिहिलेले हे सर्वांत चांगले मराठी. जपानी प्रकाशकाचे ठिकाण इंग्रजी, स्पॅनिश, थाई, इंडोनेशियन अशा भाषांत बोलते. मराठीत बोलत नाही. ह्या मुलाने जे केले त्यालाच ‘स्कॅनलेशन’ म्हणतात, आणि त्याची पुढची पायरी म्हणजे ते फोनवरून शंभर जणांना धाडणे. तो ते करणारच होता; फक्त आधी सरांची शाबासकी हवी होती.

आम्ही शाबासकी दिली. नंतर त्याला बसवून घेतले आणि छापखान्यातून निघणारा गठ्ठा, अंकातली मतपत्रिका, ‘मांगामुरा’ हे सारे, येथे लिहिले आहे त्या क्रमाने, सांगितले. अध्ययन-अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने केलेली नक्कल आपला कायदा उल्लंघन मानीत नाही. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने विद्यापीठातील छायाप्रतींच्या खटल्यात ह्या तरतुदीचा उदार अर्थ लावला, हे शिक्षकबंधूंना ठाऊक असावे. भाषांतराला ती कितपत लागू पडेल ह्यावर वकील भांडू शकतील. आम्ही एवढेच ठरवले की वही ग्रंथालयात, शाळेच्या हस्तलिखितांच्या कपाटात राहील. तेथेच बसून वाचावी, फोनवर तिचे छायाचित्र घेऊ नये. त्या मुलाला हे पूर्ण पटले असे नाही. “सर, मग ते मराठीत कधी येणार?” असे तो म्हणाला. ह्याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. त्याच्या सांगण्यावरून आम्ही दोघांनी मिळून प्रकाशकाला इंग्रजीत एक पत्र लिहिले. मराठी वाचक आहेत, एवढे कळवणारे.

दुसरा बदल वेळापत्रकात केला. मोकळ्या वाचनाचा तास शुक्रवारवरून सोमवारी नेला. गणिताच्या शिक्षकांनी तासाची अदलाबदल करण्यास कुरकुर केली, पण कारण ऐकून मान्य केले. गुरुवारची पाने वाचणे त्याने थांबले असेल असा भ्रम आम्हांस नाही. परंतु सोमवारच्या तासाला सर्वांचे वाचून झालेले असते, आणि रविवारी रात्री साडेआठला वाचणारा मुलगा आता ताजा असतो. त्याला चित्रांतले बारकावे आठवतात, इतरांना तीन दिवसांपूर्वीच्या धूसर छायाचित्रांत ते दिसलेलेच नसतात. परवाच्या सोमवारी त्याचे आणि त्या भाषांतरकाराचे पुन्हा जोराचे वाजले. जहाजावरच्या मुख्याला ‘तांडेल’ म्हणावे की ‘नाखवा’, असा वाद होता. कोश काढून झाले, वेंगुर्ल्याच्या आजोबांना फोन करावयाचे ठरले, तास संपल्याची घंटा झाली तरी मंडळी उठेनात. आमच्याकडे निवाड्यासाठी दोघेही आले होते. आजोबांचे उत्तर येईपर्यंत तो आम्ही राखून ठेवला आहे.